शिकारीच्या वहीतली बदके

डिसेंबर लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर जलाशयाचे पाणी काठापासून हळूहळू आत सरकू लागते. मागे उरलेल्या ओल्या गाळात शेतकरी गाळपेर करतात. त्याच्या पलीकडे, गुडघाभर पाण्याच्या पट्ट्यात, सकाळच्या धुक्यात काळे ठिपके हलताना दिसतात. धुके विरले की ठिपक्यांना रंग येतो. तपकिरी डोक्याचे, लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, हिरव्या पट्टीचा छोटा चक्रांग आणि काठावर नारिंगी रंगाचे चक्रवाक. यातले बहुतेक पाहुणे हिमालयापलीकडून, मध्य आशिया आणि सायबेरियातून आलेले असतात.

अशा वेळी सोबतची मुले हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘सर, किती असतील हो?’ प्रश्न साधा, पण उत्तर देताना आमची पंचाईत होते. एका जानेवारीत आम्ही तिघांनी एकाच बांधावर उभे राहून, एकच दुर्बीण आलटून पालटून वापरून, एकाच थव्याची मोजणी केली. तिघांचे आकडे एकमेकांपासून लपवून कागदावर लिहिले आणि मग ताडून पाहिले, तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात दुपटीचा फरक होता. तिघेही विज्ञानाचे पदवीधर! तेव्हापासून आम्हाला या प्रश्नाच्या इतिहासाचा नाद लागला. तळ्यावर किती बदके उतरली हे पहिल्यांदा कोणाला जाणून घ्यावेसे वाटले असेल? उत्तर काहीसे अडचणीत टाकणारे आहे. ज्यांना ती मारायची होती, त्यांना.

शिकारीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेवर आणि ससाण्याकरवी पक्षी धरण्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मात्र तिथे कौशल्याचे वर्णन आहे, हिशेब नाही. हिशेब ठेवला तो मोगल बादशहा जहांगीराने. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपण काय काय मारले याची बेरीज त्याने दफ्तरे काढून करून घेतली आणि आपल्या आत्मचरित्रात नोंदवली. त्याच्या उपस्थितीत मारले गेलेले प्राणी 28,532. त्यांपैकी त्याने स्वतः मारलेले 17,167, म्हणजे चतुष्पाद 3,203 आणि पक्षी 13,964. बेरीज करून पाहा, बरोबर जुळते. कारकून चोख असावेत. पण या आकड्यावरून त्या काळी हिंदुस्थानात पक्षी किती होते हे कळते का? मुळीच नाही. बादशहाचा नेम आणि बादशहाला मिळालेला वेळ, एवढेच कळते.

इंग्रजांच्या काळात ही हौस छावण्याछावण्यांत पोचली. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. अशा ठिकाणी नेमणूक झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने हिवाळ्यातली बदकांची शिकार हा ठरलेला विरंगुळा असे. शिकारीला निघण्याआधी गावातल्या एखाद्या जाणत्याला तळी पाहून यायला पाठवायचे. पाणी किती आहे, लव्हाळे कुठे आहेत, पक्षी रात्री चरायला कोणत्या बाजूला जातात आणि पहाटे कोणत्या वाटेने परततात, हे तो येऊन सांगे. आजच्या भाषेत हे अधिवासाचे सर्वेक्षणच झाले. साहेबाच्या वहीत मात्र साहेबाने पाडलेल्या पक्ष्यांचा आकडा चढे. ज्याने पाण्याची खबर आणली त्याचे नाव चढत नसे आणि त्याने आणलेली खबरही नाही. आमच्या मते त्या वह्यांमधले खरे नुकसान हेच आहे.

या वह्यांमधूनच पुढे चांगले ग्रंथ निघाले हेही सांगितले पाहिजे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना काँग्रेसच्या 1885 मधल्या स्थापनेमुळे ठाऊक असते. त्याआधी 1879 ते 1881 या काळात त्यांनी मार्शल यांच्यासह हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोनमधल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड प्रसिद्ध केले होते. देशभर पसरलेल्या शिकाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची पत्रे हा त्यांच्या माहितीचा एक मोठा आधार होता. मुंबईत 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात स्टुअर्ट बेकर यांनी बदकांवर लेखमाला लिहिली. तिचेही पुढे पुस्तक झाले. कोणती जात कुठे आढळते हे या ग्रंथांतून बरेच कळले. ‘किती’ हा प्रश्न तसाच राहिला.

‘किती’चे एक उत्तर दगडावर कोरलेले आहे. राजस्थानात भरतपूरजवळच्या केवलादेव उद्यानात जुन्या शिकारींचे शिलालेख आजही उभे आहेत. तारीख, पाहुणा, पडलेले पक्षी आणि बंदुकांची संख्या, असा मजकूर. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आले तेव्हा 17 बंदुका आणि 540 पक्षी. (याच वर्षी कर्झननी वऱ्हाड प्रांत निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला.) 12 नोव्हेंबर 1938 रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत 39 बंदुका आणि 4,273 पक्षी. एका दिवसात!

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहून द्यावेत आणि मुलांना विचार करायला सोडावे. पहिल्यांदा दर बंदुकीमागे सुमारे 32 पक्षी पडले, दुसऱ्यांदा सुमारे 110. म्हणजे 36 वर्षांत बदके साडेतीनपट झाली का? हुशार मुले लगेच हो म्हणतात आणि अधिक हुशार मुले अडखळतात. किती तास शिकार चालली? एकेका बंदुकीमागे काडतुसे भरून देणारे नोकर किती होते? हाकारे कसे लावले होते? शिवाय केवलादेवचे पाणी हे निसर्गाने दिलेले पाणी नव्हे. बांध आणि कालवे करून, पाणी हवे तेव्हा आत घेऊन, तो उथळ प्रदेश संस्थानाने मुद्दाम शिकारीसाठी घडवला होता. तेव्हा आकडा वाढला तो बदके वाढल्यामुळे, की व्यवस्था सुधारल्यामुळे? मत्स्यशास्त्रज्ञांनाही हाच पेच पडतो. जाळ्यात मासे जास्त आले ते समुद्रात जास्त आहेत म्हणून, की होडीला नवे इंजिन बसवले म्हणून? नुसत्या भागाकाराने त्याचे उत्तर मिळत नाही.

दगडावर आणखी एक गोष्ट नाही, आणि तिची किंमत फार मोठी पडली. 4,273 पक्षी कोणत्या कोणत्या जातींचे होते हे तिथे लिहिलेले नाही. गंगेच्या खोऱ्यात आणि पूर्वेकडे गुलाबी डोक्याचे एक बदक राहत असे. ते पूर्वीपासून दुर्मीळच होते. ते किती आहेत, वाढतात की घटतात, हे कोणी वर्षानुवर्षे मोजले नाही. 1935 मध्ये दरभंगा भागात ते दिसल्याची नोंद झाली. रानातली ती शेवटची विश्वासार्ह नोंद मानली जाते. एक जात डोळ्यांदेखत संपत आली आणि त्या घसरणीचा आलेख काढता येईल असे चार बिंदूही आपल्याजवळ नाहीत.

याच काळात मोजणीची एक वेगळी युक्ती पुढे येत होती, आणि गंमत म्हणजे तिलाही शिकाऱ्याचीच गरज होती. पक्षी जिवंत पकडायचा, पायात क्रमांक असलेले हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. आपल्याकडे 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य भारतातल्या धार संस्थानाच्या महाराजांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने बदकांना अशी कडी घालायला सुरुवात केली. दूरदेशी कोणी तो पक्षी मारला आणि कड्याची खबर पाठवली, तरच त्याचा प्रवास कळणार. म्हणजे पक्ष्याचे मरण हीच माहिती.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक लिंकन यांनी 1930 मध्ये या कड्यांवरून प्रवासाबरोबरच एकूण संख्याही काढता येईल असे दाखवले. (डेन्मार्कच्या पीटर्सन यांनी माशांना खुणा करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरली होती.) ही रीत कोणत्याही शाळेत चिंचोक्यांवर करून पाहता येते. एका पिशवीत न मोजता बरेच चिंचोके घ्या. त्यांतले 100 बाहेर काढून त्यांना चुन्याचा ठिपका लावा, वाळू द्या, परत पिशवीत टाकून चांगले हलवा. आता न पाहता मुठी भरभरून 150 चिंचोके काढा. समजा, त्यांत 12 ठिपक्यांचे निघाले. 150मध्ये 12, तर 100 ठिपकेवाले एकूण कितीमध्ये? त्रैराशिक मांडा. 100 गुणिले 150 भागिले 12, म्हणजे 1,250. मग पिशवीतले सगळे चिंचोके प्रत्यक्ष मोजून पडताळा घ्या. लिंकन यांच्या बाबतीत ठिपके म्हणजे कडी आणि मुठी म्हणजे शिकाऱ्यांच्या बंदुका.

प्रयोग दोनतीनदा केल्यावर तो बिघडवूनही पाहावा, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. पिशवी न हलवता वरवरचेच चिंचोके काढले तर? एखाद्या ओल्या चिंचोक्याचा ठिपका पुसला गेला तर? आणि बारांपैकी चारच ठिपकेवाले मोजणाऱ्याने कबूल केले तर? शेवटच्या चुकीत 1,250 ऐवजी 3,750 उत्तर येते, म्हणजे तिप्पट. ही चूक काल्पनिक नाही. अमेरिकेत अनेक वर्षे शिकाऱ्यांच्या हाती पडलेल्या कड्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशाचीच खबर कचेरीपर्यंत पोचत असे. पुढे 1990च्या दशकात कड्यावर फुकट दूरध्वनीचा क्रमांक घालू लागल्यावर प्रमाण पुष्कळ वाढले. आळसासाठीही गणितात एक गुणक ठेवावा लागतो.

उत्तर अमेरिकेत आज बदकांची शिकार कायद्याने चालते, आणि हंगामाआधी पाहणी करणे हे तिथल्या सरकारचे काम आहे. 1918 च्या कायद्याने स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीवर नियंत्रण आले. 1934 पासून शिकाऱ्याला दर वर्षी बदकाच्या चित्राचे एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. 1955 पासून दर मे महिन्यात, म्हणजे पक्षी घरटी करत असताना, ठरलेल्या सरळ रेषांवरून छोटी विमाने तीस ते पंचेचाळीस मीटर उंचीवरून उडवतात. एका बाजूचे पक्षी वैमानिक मोजतो, दुसऱ्या बाजूचे त्याचा सोबती. विमानातून सगळे पक्षी दिसत नाहीत हे माहीत असल्यामुळे त्याच पट्ट्यांपैकी काहींवर माणसे चालत जाऊन खालून मोजतात आणि दोन्ही आकड्यांवरून दुरुस्तीचा गुणक काढतात. पक्ष्यांबरोबर डबकीही मोजतात, किती डबक्यांत पाणी आहे ते. पाऊस चांगला, डबकी भरलेली, तर पिले जास्त जगणार. हे सगळे जुळवून शरद ऋतूत किती दिवस आणि दर माणशी किती बदके मारायला परवानगी द्यायची ते ठरते. 2020 आणि 2021 या वर्षी कोविडमुळे ही पाहणी झालीच नाही. साठपासष्ट वर्षांच्या आलेखात दोन वर्षांची मोकळी जागा राहिली.

शिकारीच्या गावचा हा रस्ता आपल्याकडे बंद आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी छोट्या शिकारीसाठी परवाने देण्याची सोय होती. 1991च्या दुरुस्तीने ती संपली. ते योग्यच झाले असे आम्हाला वाटते. पण त्याबरोबर मोजण्यात ज्याचा स्वार्थ होता तो माणूसही काठावरून गेला. त्याच्या जागी कोण आले?

प्रथम रोगतज्ज्ञ आले म्हणावे लागेल. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातला ताप आढळला. त्याचा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला. स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो इकडे आला असेल का, अशी शंका निघाली आणि 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. नंतर आले हौशी निरीक्षक. युरोपात 1967 पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना होत होती. 1987 पासून ती भारतीय उपखंडात सुरू झाली आणि तिला आशियाई पाणपक्षी गणना असे नाव पडले. जानेवारीच याकरता, की त्या वेळी पाहुणे मुक्कामाला स्थिरावलेले असतात. आजचा थवा उद्या दुसऱ्या तळ्यावर मोजला जाण्याची भीती त्यामानाने कमी असते.

या आकड्यांना कागदोपत्री वजनही आहे. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावी झालेल्या करारात महत्त्वाच्या पाणथळ जागा ठरवण्याच्या ज्या कसोट्या पुढे आल्या, त्यांतल्या दोन केवळ संख्येच्या आहेत. जिथे नियमितपणे 20,000 पाणपक्षी येतात, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी येतात, ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर आणि हिंगोलीच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार 2020 मध्ये, तर ठाण्याची खाडी 2022 मध्ये या यादीत गेली. ‘नियमितपणे’ हा शब्द नीट वाचावा. एका वर्षीचा भला मोठा आकडा पुरत नाही. ज्या तळ्याची ओळीने काही वर्षांची मोजणी नाही, त्याला या दोन कसोट्यांचे दार उघडत नाही, मग तिथे कितीही पक्षी उतरोत.

आता पुन्हा हिंगोलीकडे. 1931-32 मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. निजाम सरकारचा त्याला पाठिंबा होता. मराठवाडा संस्थानातच असल्याने या प्रदेशाच्या पक्षी-इतिहासाची ती पहिली पक्की पायरी ठरते. पण त्या सर्वेक्षणाचा भर कोणत्या जाती आहेत यावर होता, बदकांची गणती हा त्याचा हेतू नव्हता. आणि त्या वेळचे पाणी आजचे पाणी नव्हते. कयाधू, पूर्णा, पैनगंगा यांचे डोह आणि गावोगावचे तलाव, एवढेच. पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे 1960च्या दशकातली, पैनगंगेवरचे इसापूर त्यानंतरचे. हिंगोली जिल्हाच मुळी 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. पक्ष्यांच्या दृष्टीने हा भूगोल अगदी नवा आहे. एका माणसाच्या आयुष्यात इथे मैलोगणती पाणी तयार झाले. त्याने बदके वाढली की जी नदीच्या डोहांवर विखुरली होती ती एकत्र दिसू लागली, हे सांगायला धरणाआधीचा आकडा हवा होता. तो नाही.

शिवाय धरण भरले म्हणजे बदकांना सुगी, असे नसते. तलवार बदक किंवा चक्रांग बुडी मारून खात नाही. शेपटी वर, डोके खाली करून मान पोचेल तेवढ्या खोलीतले खाते. जलाशय तुडुंब असला की काठ खोल आणि त्यांचे ताट रिकामे. पाणी ओसरू लागले की उथळ पट्टा उघडा पडतो आणि जेवण वाढले जाते. फारच ओसरले, तर आजूबाजूची लहान तळी आटलेली असल्याने सगळीकडची बदके एकाच डबक्यावर गोळा होतात आणि मोजणाऱ्याला वाटते, यंदा किती भरभराट! 2015-16च्या दुष्काळात मराठवाड्यात असे फसवे आकडे मिळणे सहज शक्य होते. म्हणून नोंदवहीत पक्ष्यांच्या शेजारी पाण्याची पातळी लिहायलाच हवी. ती धरणाच्या कचेरीत रोज नोंदवलेली असते, विचारली की मिळते. गाळपेर कुठवर आली, जाळी कुठे लावली आहेत, त्या सकाळी वारा होता का, हेही लिहावे. साहेबाच्या वहीतून जो मजकूर गळला, तो हाच.

मोजण्याचा सराव मात्र घरून करून निघावे. ताटात ज्वारीचे दाणे पसरायचे, दहापर्यंत मोजून मुलांना अंदाज करायला लावायचा आणि मग खरे मोजायचे. बहुतेकांचा अंदाज कमी पडतो, आणि दाणे जितके जास्त तितका अधिक कमी पडतो. काठावरही तेच करायचे. आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत साठवायची, मग तसे दहा तुकडे म्हणजे शंभर, आणि शंभराच्या तुकड्याने पूर्ण थवा मापायचा. आम्ही तिघे चुकलो ते इथेच. एकाने दहाचा तुकडा थव्याच्या दाट मध्यावर धरला होता, दुसऱ्याने विरळ कडेवर. पुढच्या वर्षीपासून आम्ही मध्य आणि कडा वेगवेगळ्या मोजतो. फरक राहतो, पण दुपटीचा राहत नाही.

गेल्या खेपेला एका मुलीने वही पुढे करून विचारले, ‘सर, या बाजूच्या तळ्यावर एकही पक्षी नाही, तर इथे काय लिहू?’ आम्ही म्हटले, तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि शून्य. केवलादेवच्या दगडांवर असा एकही दिवस कोरलेला नाही. पाहुणा आला आणि पक्षीच मिळाले नाहीत, असे दिवस आले असतील, तर ते कोणी कोरून ठेवले नसते. त्यामुळे त्या दगडांवरून सरासरी काढता येत नाही. मुलीने शून्य लिहिले, त्याभोवती गोल केला आणि आम्ही पुढच्या तळ्याकडे निघालो.